डाव्या कानाशी

“काकू, तुम्ही रोज याच बाजूला बसता का?” असं वेदिकाने विचारलं तेव्हा मला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. एकोणीस दिवस झाले होते. सकाळी अकरा ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते साडेपाच. एका पासावर एक माणूस, चपला बाहेर, अंगावर हॉस्पिटलचा हिरवा गाऊन. आणि या एकोणीस दिवसांत मी एकही वेळ चुकवली नव्हती. तेव्हा स्टुलावर जरा ताठ होऊन मी म्हटलं, “हो, रोज. इथेच.” वेदिका फिजिओथेरपीवाली. तिची सकाळची पाळी आजच सुरू झाली होती. आधीचे फिजिओ दुपारी यायचे आणि दुपारी आम्हाला कुणी आत सोडत नाही. ती मधुसूदनचा उजवा गुडघा वाकवत होती, आकडे मोजत होती, आणि मोजता मोजताच म्हणाली, “मग तुम्ही आल्याचं त्यांना कळतच नसेल हो.” अगदी सहज म्हणाली, साडीला मागून डाग लागलाय असं बाईने बाईला सांगावं तसं. “रक्तस्राव मेंदूत उजवीकडे झालाय ना. त्यामुळे त्यांच्या लेखी डावी बाजू सध्या नाहीच आहे. डावा हात आपला आहे हेसुद्धा त्यांना माहीत नाही. बघा ना, मान, डोळे, सगळं उजवीकडे. तुम्ही तिकडून बसत जा. दिसाल तरी.” मी बघितलं. मान उजवीकडे कललेली होती, डोळे अर्धे उघडे, भिंतीकडे. हे मी एकोणीस दिवस पाहत होते आणि मला वाटत होतं, माणूस माझ्यावर रुसलाय. माझ्या दोन्ही हातांत त्याचा डावा हात होता. मी त्याला रोज खोबरेल तेल चोळत होते, नखं कापत होते, तळव्याला माझा गाल लावत होते. मी म्हटलं, “पण उजव्या हातात बोट दिलं तर ते धरतात. परवा सिस्टरचं धरलं होतं.” वेदिका म्हणाली, “धरणं मोजत नाहीत, काकू. तळव्याला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात, तान्ह्या बाळाची मिटतात तशी. ‘सोडा’ म्हटल्यावर सोडलं, तर ते खरं. डॉक्टर तेच बघतात.” मग साडेअकराची घंटा झाली आणि मी बाहेर आले.

मधुसूदन म्हणजे माझा नवरा. तोंडाने मी त्याला ‘अहो’ म्हणते, पाहुण्यांत ‘हे’ म्हणते, मनात मात्र मधुसूदन म्हणते आणि तेही एकेरीत. मनातलं कोण ऐकतंय! आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये माझी खुर्ची ठरलेली आहे, कूलरपासून तिसरी. पहिल्या दोन खुर्च्यांवर पाण्याचे शिंतोडे येतात आणि पाचवीच्या पुढे नुसती कूलरची घरघर पोचते, वारा पोचत नाही. मे महिन्यात नागपुरात एवढी अक्कल सगळ्यांना असते. वाळ्याचा वास, फिनाइलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या वांग्याचा वास. मी खुर्चीवर बसले आणि माझे हात मांडीवर ठेवले. तेलकट होते. मला ते कुठे पुसावेत कळेना. एकोणीस दिवस मी ज्या हाताशी बसले तो हात कुणाचाच नव्हता. रिकाम्या घराची कडी वाजवत बसल्यासारखं झालं हे, आणि तेही रोज दोनदा, चपला बाहेर काढून.

आता मी डावीकडेच का बसत होते, हे सांगायला हवं. मधुसूदनला उजव्या कानाने ऐकू येत नाही. एकतीस वर्षं झाली. तो उमरेडकडे कोळशाच्या खुल्या खाणीत सर्व्हेअर होता. एका दुपारी सुरुंगाचा भोंगा होऊन गेल्यावर हा विसरलेली वही आणायला पुन्हा आत गेला, नको तिथे उभा राहिला, आणि घरी आला तो उजवा कान हाताने दाबूनच. रक्त नाही, जखम नाही. नुसती आत शिट्टी. आठ दिवसांनी शिट्टी थांबली आणि तिच्याबरोबर कानही गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही. चूक त्याचीच होती. आणि सांगितलं असतं तर त्याला खाणीतून काढून ऑफिसात नकाशांची भेंडोळी सांभाळायला बसवलं असतं. तिपाईवर दुर्बीण मांडून खाणीच्या काठावर उभं राहणं, यापलीकडे त्या माणसाला जगात काही आवडत नव्हतं. मी धरून. हे मी तेव्हाच ओळखलं होतं आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. काम आवडणारा नवरा निदान घरात धुसफुसत नाही. पण वर्षातून एकदा तपासणी असायची. डॉक्टर पाठीमागे उभा राहायचा आणि हळू आवाजात आकडे म्हणायचा, ते ओळखायचे. म्हणून तपासणीच्या आधी महिनाभर आम्ही क्वार्टरमध्ये सराव करायचो. केयूर, आमचा मुलगा, झोपला की मधुसूदन पलंगाच्या कडेला बसायचा, मी मागे उभी राहायची, तोंडावर हात धरून कुजबुजायची. सत्तावीस. एकोणऐंशी. त्रेसष्ट. आवाज कुठून आला हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो मान जराशी, दिसेल न दिसेल अशी, वळवायला शिकला, डावा कान मागे येईल अशी. बरोबर आलं की माझ्या पोटात आनंदाचं काहीतरी व्हायचं. चुकलं की मी त्याच्या पाठीत हलकी चापट मारायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्यात आम्ही एकमेकांच्या सर्वांत जवळ कधी होतो, असं कुणी विचारलं तर मी तो पलंग सांगेन, ते आकडे सांगेन. कुणी विचारलेलं नाही. तो तपासणीत कधी अडकला नाही, आणि मग ते आमच्या अंगवळणी पडलं. सोफ्यावर मी डावीकडे, फुटाळा तलावावर फिरायला गेलो तर डावीकडे, झोपताना डावीकडे. लग्नसमारंभात कुणी उजवीकडून बोललं की तो उजव्या हाताचं बोट किंचित उचलायचा आणि डावीकडे वळवायचा, इकडून या म्हणून. लोकांना वाटायचं, बक्षीसाहेबांची लकब आहे. केयूरला आम्ही लहानपणीच शिकवलं होतं, बाबांच्या या बाजूने बोलायचं. त्याला ती आपल्या घरची शिस्त वाटली असणार. कान हा शब्द आमच्या घरात एकदाही उच्चारला गेला नाही. साठीनंतर डावाही मंदावला. दुरून ओरडलेलं सगळं त्याला एकमेकांत कालवलेलं ऐकू यायचं. अगदी कानाशी जाऊन, हळू, शब्द सुटे सुटे करून सांगितलं की नीट कळायचं. तेही मीच करायची. ऐकण्याचं यंत्र घ्या म्हटलं की म्हणायचा, मला काय झालंय?

म्हणून एकोणीस दिवसांपूर्वी त्यांनी मला पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा मी विचारसुद्धा न करता डावीकडे गेले, वाकले आणि त्याच्या चांगल्या कानात म्हटलं, “अहो, मी आलेय.” केयूर बंगळुरूहून आला, आठ दिवस राहिला, अर्ध्या भेटीनंतर माझा पास घेऊन आत जायचा, तोही डावीकडेच उभा राहायचा. आम्ही दोघंही त्या माणसाच्या नसलेल्या बाजूला उभे.

हे एवढं मनात उलगडून होईपर्यंत साडेबारा वाजले असतील, आणि मग दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. डॉक्टर उजवीकडे उभे राहतात. रोज. राउंडला येतात, पलंगाच्या उजव्या अंगाला उभे राहतात, तो त्यांचा रिवाजच असावा, आणि तिथून मोठ्याने म्हणतात, “बाबा, हात सोडा. बाबा, दोन बोटं दाखवा.” मेलेल्या कानावर, दुरून, ओरडून, यंत्रांच्या टिकटिकाटात. आणि वहीत लिहून जातात की रुग्णाला सांगितलेलं समजत नाही. काल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सोमवारपर्यंत समजल्याची काही खूण दिसली नाही, तर पुढे किती ताणायचं याचा घरच्यांनी विचार करावा. घरचे म्हणजे मी. आज शनिवार. आणि उजवा कान नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दाखल करताना कागदावर सगळं विचारलं होतं, रक्तदाब, साखर, दारू, तंबाखू, आधीचं ऑपरेशन, डोळे, कान. मी बत्तीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली. दुसऱ्यांच्या अर्जातली रिकामी जागा मला लांबून दिसायची, आणि एका रिकाम्या जागेसाठी मी पोरांना उमरेड-काटोलहून पुन्हा हेलपाटे घालायला लावलेले आहेत. माझ्याच नवऱ्याच्या कागदावर मी कानापुढे ‘काही नाही’ लिहिलं. लपवलं नाही. विसरले. एखादी गोष्ट इतकी वर्षं लपवली की ती लपवलेली आहे हेच माणूस विसरतो.

मग उठ ना, सुहासिनी, असं मी स्वतःला म्हटलं. उठ, आयसीयूच्या खिडकीपाशी जा, सिस्टरला सांग, दोन वाक्यांचं काम आहे. मी उठले नाही. बसून राहिले. का बसून राहिले, हे मला पक्कं माहीत होतं, आणि माझी मलाच शिसारी आली.

अकराव्या दिवशी मी त्याला जा म्हटलं होतं. त्या दिवशी केयूर परत गेला. त्याला विमानतळावर पोचवून मी तशीच हॉस्पिटलला आले, अकराच्या ठोक्याला आत गेले, तर सिस्टर मधुसूदनच्या गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढत होती. त्याचा चेहरा जांभळा झाला, सगळं अंग पलंगावरून वर उचललं गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आवाज मात्र काहीच नाही, कारण गळ्याला भोक पाडल्यापासून त्याचा आवाज येतच नाही. ती गेली. मी स्टुलावर बसले, डाव्या कानाशी वाकले, आणि हळू, शब्द सुटे सुटे करून म्हटलं, “अहो, आता पुरे. तुम्ही जा. मी बघते माझं. जा तुम्ही.” दयेपोटी म्हटलं, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. त्याचे हाल बघवेनात म्हणून. तेही होतं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला झोप हवी होती. मला आमच्या मानेवाड्याच्या घरी जाऊन पंखा पाचवर करून, फोन बंद करून, कुणाचीही वाट न पाहता दोन दिवस झोपायचं होतं, आणि त्याला हा जिवंत माणूस आडवा येत होता. त्या क्षणी मला तो नको होता. म्हटल्यावर मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. त्या दिवसापासून मी त्याला आणखी तेल चोळायला लागले, आणखी बोलायला लागले, शेजारच्या आंब्याला किती कैऱ्या लागल्या, गॅसचा माणूस येऊन गेला, कूलरची जाळी बदलली. बडबड नुसती. त्याने ते एक वाक्य ऐकलं असेल तर त्याच्यावर हे सगळं रचून ते दिसेनासं करायचं होतं.

आणि आज वेदिका म्हणत होती, ती बाजूच नाही. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी मला सुटल्यासारखंही वाटलं होतं, तेही तेव्हाच, स्टुलावरच. ऐकलंच नसेल. काहीच पोचलं नसेल, तर ते ‘जा’ही पोचलं नाही. आता मी सिस्टरला कानाचं सांगितलं की ते डाव्या कानाशी जाऊन विचारणार. त्याने सोडलं, दाखवलं, तर सोमवारचं संकट टळलं. पण मग त्याने सगळंच ऐकलेलं असणार. एकोणीस दिवसांची माझी सोबत त्याला पोचायला हवी असेल, तर त्यातला अकरावा दिवस वगळता कसा येईल? माणूस जगावा की आपली लाज झाकली जावी, यात निवडायला मला वेळ लागत होता. मी तासभर कूलरसमोर बसून निवडत होते. हे मी कुणाला सांगणार?

केयूरचा फोन आला. तो रोज दीडला करतो, जेवणाच्या सुट्टीत. बाबा कसे आहेत, ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, सोमवारी मी फोनवर असेन, आणि शेवटी, ठेवता ठेवता, “तू पण काळजी घे गं.” चांगला मुलगा आहे. मी त्याला विचारलं, “केयूर, बाबांशी बोलताना तू डावीकडून का बोलतोस रे?” तो म्हणाला, “म्हणजे? असंच बोलतात ना त्यांच्याशी.” मग म्हणाला, “आई, तू जेवलीस का?” जेवले म्हटलं. डबा पिशवीतच होता.

दोनच्या सुमाराला मानसोपचार विभागाच्या बाई आल्या, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला एकेक कागद देऊन गेल्या. रुग्णाच्या नातेवाइकांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी. नाव लिहिण्याची गरज नाही, चार वाजता घेऊन जाते, म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी कशी आहे असं लेखी विचारणारा हा पहिला कागद. प्रश्नांसमोर चार चार चौकटी: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. झोप लागत नाही का. एकटं वाटतं का. रडू येतं का. हात सवयीने भराभर चालला. कधी कधी, कधी कधी, कधीच नाही. नववा प्रश्न होता, ‘रुग्णाविषयी नकोसे विचार मनात आले का?’ कधीच नाही, अशी मी खूण केली आणि कागद उलटा करून ठेवला. नाव नसलेल्या कागदावर खोटं लिहायची ही माझी पहिलीच वेळ होती.

“काहून वं ताई, चेहरा उतरून गेला आज?” शेजारून भीमाबाई म्हणाली. ती भिवापूरची. तिचा मुलगा, धम्मानंद, उमरेडच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. सव्वीस दिवस झाले, डोक्याची कवटी अर्धी काढून ठेवलेली आहे. भीमाबाई मिरच्यांचे देठ तोडायच्या कामाला जाते. महिना होत आला तरी तिखट बोटांतून गेलेलं नाही, असं ती सांगते आणि डोळे कायम पदराच्या टोकाने पुसते, बोट लावत नाही. तिने आपला कागद माझ्या मांडीवर ठेवला. “चष्मा घरीच राहून गेला. तूच वाच अन् तूच लिव्ह.” मी वाचत गेले, ती सांगत गेली. झोप? “झोप लागते ना, मेल्यावानी लागते.” एकटं? “एवढ्या मान्सात कायचं एकटं वं,” म्हणाली, आणि मग, “लिव्ह, नेहमी.” नवव्या प्रश्नाशी मी अडखळले. वाचला. “नकोसे म्हंजे कसे?” तिने विचारलं. मी म्हटलं, “म्हणजे… हा सुटला तर बरं, असे.” भीमाबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि जराही आवाज न उतरवता, हॉलमध्ये पंचवीस माणसं बसलेली असताना म्हणाली, “आले ना. काहून नाही येनार? परवाच म्हटलं मीनं त्याले, जाय बाप्पा, जायचं असन तं जाय, मले असं टांगून नोको ठेवू. मंग खाली जाऊन दोन आलूबोंडे खाल्ले अन् लय रडली. मी माय हाव त्याची. माह्या मनात नाही येनार तं कोनाच्या येईन? लिव्ह, बऱ्याचदा.” मी लिहिलं. खूण चौकटीबाहेर गेली.

त्या वेळी मी तिला माझं सांगायला हवं होतं. तिने आपलं सगळं माझ्या मांडीवर आणून ठेवलं होतं, मला फक्त ‘मीही’ एवढंच म्हणायचं होतं. पण बत्तीस वर्षं अर्जांच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या बाईला ते जमेना. भीमाबाईने डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यावर झुणका ठेवून माझ्या हातात दिला. “खाय,” म्हणाली. मी खाल्लं. खूप तिखट होतं, आणि डोळ्यांतून पाणी आलं त्याला कुणाला काही कारण सांगावं लागलं नाही.

चार वाजता बाई कागद गोळा करायला आल्या, तेव्हा मी माझा सरळ केला. परीक्षा विभागात खाडाखोडीचा नियम असतो: आधीचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि आद्याक्षरांची सही करायची. मी ‘कधीच नाही’वर रेघ मारली. ‘एकदा’ अशी चौकट नव्हती, म्हणून समासात लिहिलं, एकदा, अकराव्या दिवशी. आणि खाली सही केली, सु. ब. नाव लिहायचं नव्हतं, हे सही झाल्यावर आठवलं. बाईंनी न बघताच कागद गठ्ठ्यात घातला. मग मी उठून खिडकीपाशी गेले. सिस्टर फोनवर होती. मी उभी राहिले. फोन संपल्यावर म्हटलं, “बेड नंबर चार. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. एकतीस वर्षं झाली. डाव्या कानाशी जाऊन, हळू बोलावं लागतं.” एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि मधुसूदनची नोकरी आता जाईल असं काहीतरी वेड्यासारखं वाटून गेलं. सिस्टर म्हणाली, “अगं बाई! आजी, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना! डॉक्टर रोज घसा फोडून राहिले तिकडून.” तिने कुठल्याशा चिठ्ठीवर लिहून घेतलं. “रात्रीच्या राउंडला सांगते. तुम्ही आता जाताच आहात पाचला, तर करून पाहा.”

पाच वाजता मी चपला काढल्या, गाऊन चढवला आणि आत गेले. स्टूल उचलून उजवीकडे नेलं. त्या बाजूने मी त्याला इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. दाढीचे खुंट इकडे जास्त पांढरे होते, आणि गालाखाली उशीची घडी उमटली होती. मी बसले, आणि त्याचे डोळे माझ्यापाशी येऊन थांबले. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने मला पाहिलं. ओळखलं का, मला माहीत नाही. डोळे ओलसर होते, पण ते नेहमीच असतात. मी म्हटलं, “अहो.” काही नाही. पुन्हा मोठ्याने म्हटलं, “अहो, मी आहे.” डोळे तसेच. आणि मग चादरीवर पडलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट किंचित उचललं गेलं आणि पोटाच्या दिशेने, डावीकडे, जेमतेम इंचभर वळलं. हललं की हलवलं, ते मी सांगू शकत नाही. पण ते बोट मी लग्नाच्या मांडवात पाहिलंय, भाजीबाजारात पाहिलंय, त्याच्या आईला पोचवायला गेलो तेव्हा घाटावर पाहिलंय. इकडून बोला.

मी उठले. पलंगाच्या पायथ्याला वळसा घातला, आणि जशी पायथ्याचा मध्य ओलांडला तशी मी त्याच्या डोळ्यांतून गेले. ते माझ्यामागे आले नाहीत. ते त्या रिकाम्या स्टुलावरच राहिले, तिथे कुणी होतं आणि आता नाही एवढंच त्यांना कळत असावं. कपाळावर एक आठी पडली. तो मला शोधत होता, आणि मी हातभर अंतरावर उभी होते. इतकं एकटं मला त्या हॉलमध्येही वाटलं नव्हतं. मी वाकले, तोंड त्याच्या डाव्या कानाशी नेलं, आणि माझा डावा हात त्याच्या छातीवरून, नळ्यांच्या वरून पलीकडे नेऊन त्याच्या उजव्या तळव्यात ठेवला. कंबरेतून कळ आली. बोटं मिटली. घट्ट. धरणं मोजत नाहीत, मला माहीत होतं. आता एकच शब्द म्हणायचा होता आणि तो माझ्याने म्हणवेना. त्याने हात सोडला नाही तर अकराव्या दिवशीचं ते वाक्य हवेत विरून गेलं, कुणाकडेही पोचलं नाही, मी मोकळी. कायमची मोकळी आणि कायमची एकटी. आणि सोडला तर? क्षणभर, मी खरं तेच सांगते, क्षणभर मला वाटलं की त्याने सोडू नये. मग मी क्वार्टरमधल्यासारखा तोंडाशी उजव्या हाताचा आडोसा केला आणि कुजबुजले, “अहो, मी डावीकडे आहे. हात सोडा.”

काही झालं नाही. यंत्र टिकटिकत होतं. शेजारच्या पलंगापाशी कुणीतरी कुणाला तरी मोसंबीचा रस चालेल का विचारत होतं. मी पुन्हा म्हटलं नाही. तपासणीत दुसऱ्यांदा म्हणत नसत. आणि मग त्याची मान, दिसेल न दिसेल इतकीच, माझ्याकडे वळली, डावा कान मागे यावा अशी. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग एकेक करत सगळी, आणि शेवटी अंगठा, आणि हात चादरीवर उघडा पडून राहिला. म्हणजे ऐकलं होतं. कैऱ्या ऐकल्या होत्या, गॅसचा माणूस ऐकला होता, कूलरची जाळी ऐकली होती. जा म्हटलेलंही ऐकलं होतं, आणि तो गेला नव्हता. सिस्टरला हाक मारायला हवी होती, तिने हे बघायला हवं होतं, सोमवारपर्यंत थांबायची आता गरज नव्हती. मारणारच होते. साडेपाचची घंटा झाली. मी तशीच वाकलेली राहिले. माझा हात मी पुन्हा त्याच्या तळव्यावर नेला, पण तळव्याला लागू न देता, दोन बोटांच्या अंतरावर धरला, आणि त्याच्या डाव्या कानात, हळू म्हटलं, “आता धर.”